बारा आठवडे गोळ्या, बारा आठवडे वाट

रक्तपेढीतून फोन येतो तो बहुतेक वेळा इतकंच सांगायला: "तुम्ही शिबिरात रक्त दिलंत ना, त्यातली एक तपासणी पुन्हा करायची आहे, येऊन जा." समुपदेशनाच्या टेबलापर्यंत माणूस पोचतो तोवर त्याने चिठ्ठीवरचे 'एचसीव्ही रिॲक्टिव्ह' हे शब्द मोबाइलवर शोधून पाहिलेले असतात आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नसतो. खुर्चीत बसता बसता पहिला प्रश्न ठरलेला: "मला तर काहीच होत नाही, मग हे आलं कुठून?"

काहीच होत नाही, हे अगदी खरं असतं. एचसीव्ही म्हणजे हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराचा विषाणू. हिपॅटायटिस सी म्हणजे डोळे पिवळे होणं अशी समजूत आहे. प्रत्यक्षात बहुतेकांना सुरुवातीला कावीळ होतच नाही. थोडा थकवा, थोडी भूक कमी, एवढ्यावर वर्षं निघून जातात. विषाणू मात्र यकृतात काम करत राहतो. ज्यांच्या शरीरात तो ठाण मांडतो त्यांच्यातल्या १५ ते ३० टक्के लोकांना वीसेक वर्षांत सिरॉसिस होतो, म्हणजे यकृत व्रणांनी भरून कडक होतं. जलोदर होऊन किंवा रक्ताची उलटी होऊन माणूस दवाखान्यात येतो तेव्हा ही वीस वर्षं आधीच खर्च झालेली असतात. म्हणून शिबिरात कळलेला 'रिॲक्टिव्ह' हा आम्ही लवकर कळलेला आजार मानतो, आणि समोरच्यालाही पहिलं वाक्य तेच सांगतो.

कुठून आला, याची चौकशी मात्र सावकाश करावी लागते. कधी रक्त चढवलं होतं का? हा विषाणू १९८९ साली ओळखला गेला आणि आपल्याकडे रक्तपेढ्यांमध्ये त्याची तपासणी सक्तीची झाली ती २००१-०२ च्या सुमारास. त्याआधी बाळंतपणात, अपघातात किंवा ऑपरेशनच्या वेळी रक्त घेतलेल्या प्रत्येकाने, आज कितीही ठणठणीत असला तरी, एकदा ही तपासणी करून घ्यावी. मग डायलिसिस, दातांची कामं, जत्रेतलं गोंदण, वारंवार घेतलेल्या सुया. शिरेतून नशा केली होती का, हा प्रश्न शेवटी विचारायचा, आणि नातेवाइकांना बाहेर बसवून विचारायचा. बायको किंवा मुलगा शेजारी असताना या प्रश्नाचं खरं उत्तर मिळत नाही, आणि एकदा 'नाही' म्हटलेलं माणूस नंतर सहसा बदलत नाही.

सुयांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. "डॉक्टर सुई नवीनच लावतात, माझ्यासमोर फोडतात," असं लोक सांगतात. सुई नवी असते, पण सिरिंज? स्नायूत टोचल्यावर सुई काढताना रक्ताचा सूक्ष्म अंश सुईच्या मुळाशी आणि सिरिंजच्या तोंडाशी ओढला जातो. डोळ्यांना तो दिसत नाही. आता ती सुई फेकली, नवी लावली, आणि तीच सिरिंज ३० मिलीच्या बाटलीत घालून पुढच्या माणसाचा डोस ओढला, तर सिरिंजच्या तोंडातला अंश बाटलीत जातो. इथून पुढे ती बाटली ज्याला ज्याला लागेल त्याच्यासाठी नव्या सुईलाही अर्थ उरत नाही, नव्या सिरिंजलाही नाही.

याचा हिशेब आम्ही कागदावर करून दाखवतो. समजा रक्तात विषाणूचं प्रमाण मिलीलिटरला २० लाख आंतरराष्ट्रीय एकक आहे. असे आकडे नेहमी दिसतात. एका मिलीचा हजारावा भाग म्हणजे टाचणीच्या टोकाएवढं रक्त. त्यातही २,००० एकक असतात. खोलीच्या तापमानाला हा विषाणू पृष्ठभागावर सहा आठवड्यांपर्यंत तग धरू शकतो, आणि सिरिंजच्या आत उरलेल्या रक्तात त्याहूनही जास्त. म्हणून नियम असा की सुई आणि सिरिंज दोन्ही नवी, दोन्ही एकदाच, आणि होता होईल तो औषधही एका माणसापुरत्या छोट्या बाटलीतलं. एकदा दाबली की दट्ट्या अडकून पुन्हा न ओढता येणाऱ्या सिरिंज मिळतात. त्या मागून घ्याव्यात. त्याहून सोपा उपाय म्हणजे गरज नसलेली सुई न घेणं. अंगदुखीला, अशक्तपणाला, 'तरतरी यावी' म्हणून घेतलेल्या बहुतेक सुयांचं आणि सलाईनचं काम गोळीने आणि पेजेने होतं. "एक सुई ठोकाच डॉक्टर" हा हट्ट आपल्याकडून सुटला तर संसर्गाचा एक मोठा रस्ता बंद होतो.

आता चिठ्ठीकडे. 'रिॲक्टिव्ह' म्हणजे शरीरात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं, अर्थात अँटिबॉडी सापडली. विषाणू आज रक्तात आहे की नाही, हे ती सांगत नाही. संसर्ग झालेल्या शंभरांपैकी १५ ते ४५ जणांचं शरीर पहिल्या सहा महिन्यांत विषाणू स्वतःच घालवून टाकतं, पण अँटिबॉडी त्यांच्याही रक्तात राहते. म्हणून दुसरी तपासणी लागते: एचसीव्ही आरएनए, म्हणजेच व्हायरल लोड. रक्तात खुद्द विषाणूचा जनुकीय अंश आहे का आणि किती, हे ती दाखवते. उलट बाजूही लक्षात ठेवावी. संसर्ग अगदी ताजा असेल तर अँटिबॉडी तयार व्हायला साधारण दोन ते अडीच महिने लागतात, आणि तोवर साधी तपासणी निगेटिव्ह येते. आरएनए मात्र एक-दोन आठवड्यांत सापडतो.

या दोन तपासण्यांच्या मधल्या जागेत सगळ्यात जास्त माणसं गळतात. पहिला रिपोर्ट एका ठिकाणी, दुसऱ्यासाठी जिल्ह्याच्या गावी जायचं, रोजंदारी बुडणार, त्यातून अंगाला त्रास काही नाही. मग माणूस सोयाबीन निघाल्यावर बघू म्हणतो आणि दोन वर्षांनी येतो. जिथे शक्य आहे तिथे रॅपिड टेस्ट रिॲक्टिव्ह येताच त्याच बैठकीत दुसऱ्या तपासणीचं रक्त घेऊन ठेवावं. आम्हाला विचाराल तर सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत उपयोगी सुधारणा हीच, आणि तिला खर्च जवळजवळ नाही.

रक्त घेण्यातही चुका होतात. व्हायरल लोडसाठी जांभळ्या टोपणाची ट्यूब लागते. रक्त खुणेपर्यंत भरायचं आणि ट्यूब आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करायची. जोरात हलवली तर रक्तपेशी फुटतात. आरएनए नाजूक असतो. काही तासांतच प्लाझ्मा वेगळा करून थंड ठेवावा लागतो, नाहीतर आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो. एसटीच्या पार्सलात बर्फाशिवाय दिवसभर फिरलेल्या नमुन्यावर 'निगेटिव्ह' आलं तर त्या निगेटिव्हवर विश्वास ठेवू नये, नमुना पुन्हा घ्यावा. टीबीसाठी बसवलेल्या जीनएक्सपर्ट यंत्रावर वेगळी कार्ट्रिज टाकून ही तपासणी दोन तासांच्या आत होते. गोव्यात तयार होणाऱ्या ट्रूनॅटवरही होते. म्हणून टीबी विभागात यंत्र आहे का, हे आपल्या रुग्णालयात आधी विचारावं.

रिपोर्ट हाती आला की लोक आकड्याला घाबरतात. एकाचा ४० हजार, शेजारच्याचा ४० लाख, आणि ४० लाखवाला रडकुंडीला येतो. व्हायरल लोडच्या आकड्यावरून यकृत किती बिघडलंय ते कळत नाही. ४० हजारवाल्याला सिरॉसिस असू शकतो आणि ४० लाखवाल्याचं यकृत जवळपास निरोगी असू शकतं. सुरुवातीला या आकड्याचा अर्थ एवढाच की विषाणू आहे, उपचार हवेत.

यकृताची अवस्था ओळखायला वय आणि साध्या रक्ततपासणीतले तीन आकडे पुरतात: एएसटी, एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी दोन एन्झाइम्स) आणि प्लेटलेट. त्यांवरून यकृतातल्या व्रणांचा अंदाज देणारी दोन गणितं आहेत. एक उदाहरण घेऊ. वय ५४, एएसटी ९६, एएलटी ८१, प्लेटलेट १ लाख १० हजार, आणि त्या लॅबची एएसटीची वरची मर्यादा ४०. पहिलं गणित 'एप्री'चं: ९६ भागिले ४० म्हणजे २.४, त्याला १०० ने गुणून ११० ने भागलं की २.१८. दोनच्या वर गेलं म्हणजे सिरॉसिस धरून चालायचं. दुसरं 'फिब-४': वय गुणिले एएसटी म्हणजे ५,१८४, खाली प्लेटलेट ११० गुणिले एएलटीचं वर्गमूळ ९, म्हणजे ९९०, भागाकार ५.२. हा ३.२५ च्या वर असला की यकृतात व्रण खूप झालेत. इथे नेहमीची चूक प्लेटलेटच्या एककाची. लॅब '१.१० लाख' असं छापते, गणितात मात्र ११० घालायचे असतात. कुणी घाईत १.१ घातलं की धडधाकट माणसालाही सिरॉसिसचा शिक्का बसतो. दुसरी चूक: डेंग्यूच्या साथीत प्लेटलेट आधीच उतरलेल्या असताना हे गणित करणं. ताप जाऊ द्यावा, पंधरा दिवसांनी करावं. यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनची सोय असेल तर उत्तम, पण त्याची वाट बघत उपचार लांबवू नयेत.

सिरॉसिस आहे की नाही, यावर गोळ्या ठरतात. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत मिळतात. सिरॉसिस नसेल तर सोफोसबुविर ४०० मिलिग्रॅम आणि डॅक्लाटास्विर ६० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, १२ आठवडे. सिरॉसिस आहे पण यकृत अजून काम रेटतंय, तर सोफोसबुविरबरोबर वेल्पाटास्विर १०० मिलिग्रॅम, तेही १२ आठवडे. पोटात पाणी, कावीळ, बरळणं यांपैकी काही होऊन गेलं असेल तर त्यात रिबाविरिनची भर पडते आणि ही केस मोठ्या केंद्रातच चालवायची. रिबाविरिनने हिमोग्लोबिन उतरतं आणि पोटातल्या बाळाला इजा होते. म्हणून नवरा-बायकोपैकी कुणीही ते घेत असलं तरी उपचार चालू असताना आणि संपल्यावर सहा महिने गर्भधारणा टाळायचीच.

ज्यांनी इंटरफेरॉनचे दिवस पाहिलेत त्यांना हे सगळं नवल वाटतं. तेव्हा आठवड्याला एक इंजेक्शन, सहा महिने ते वर्षभर, ताप, केस गळणं, नैराश्य, आणि एवढं सोसूनही पुष्कळांना गुण यायचा नाही. सोफोसबुविर २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत आलं ते एका गोळीला हजार डॉलर या भावाने. सप्टेंबर २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना ते बनवण्याचे परवाने मिळाले आणि चित्र पालटलं. आज शंभरातले पंचाण्णवहून अधिक लोक तीन महिन्यांत बरे होतात.

पहिली बाटली देण्याआधी आम्ही प्रत्येकाला एकच काम सांगतो: "काका, घरात तुम्ही घेता त्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, काढे एका पिशवीत भरून आणा. नुसती नावं सांगू नका." नावं सांगताना माणूस पित्ताची गोळी विसरतो, कारण तिला तो औषधच मानत नाही. आणि नेमकी तीच नडते. वेल्पाटास्विर शोषलं जायला पोटात आम्ल लागतं. रोज सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोलसारखी गोळी घेणाऱ्याच्या रक्तात ते पुरेसं पोचत नाही. शक्य तर पित्ताची गोळी तीन महिने बंद. अँटासिडचं पातळ औषध चार तासांच्या अंतराने चालतं. डॅक्लाटास्विरला ही अडचण नाही. फिटची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन आणि टीबीची रिफॅम्पिसिन यांनी मात्र दोन्ही औषधांचा परिणाम पार उतरतो. त्या औषधांची सोय आधी लावल्याशिवाय सुरुवात करायचीच नाही. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन चालू असेल तर सोफोसबुविरने ठोके धोकादायक मंद होऊ शकतात. मधुमेह असणाऱ्याने साखर जास्त वेळा तपासावी. विषाणू जाऊ लागला की साखर सुधारते, आणि इन्सुलिनचा जुनाच डोस चालू राहिला तर ती एकदम खाली जाऊ शकते.

पिशवीतून गुळवेलीचा रस, काविळीची पुडी, 'लिव्हर टॉनिक' हेही निघतं. ते बाजूला ठेवा असं आम्ही स्पष्ट सांगतो. गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन नाकात थेंब घालून घेणं, हळद-तेल बंद करून नुसत्या उसाच्या रसावर राहणं, याने विषाणूला काहीही होत नाही. माणूस मात्र खंगतो. जेवण नेहमीचं असावं: भाकरी, डाळ, अंडी, भाजी. बंद करायची ती दारू, पूर्णपणे. बिअर चालेल का, सणापुरती चालेल का, यांची उत्तरं नाही आणि नाही. दारू, पोटावर वाढलेली चरबी आणि आटोक्यात नसलेली साखर, या तीन गोष्टी सिरॉसिसला वीस वर्षांवरून दहावर आणू शकतात.

सुरू करण्याआधीची आणखी एक तपासणी कधीच टाळू नये: हिपॅटायटिस बीची. दोन्ही विषाणू एकत्र असतील तर सी जाऊ लागला की दबलेला बी मोकाट सुटू शकतो आणि यकृत अचानक निकामी होऊ शकतं. बी निगेटिव्ह असेल तर त्याची लस लगेच सुरू करावी, आज, एका महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. हिपॅटायटिस सीसाठी मात्र लस नाही.

गोळ्यांचा भाग सोपा, पण त्यातही एक बारीक खाच आहे. बाटलीत गोळ्या २८ असतात आणि महिना ३०-३१ दिवसांचा. "पुढच्या महिन्यात याच तारखेला या" असं कुणी सांगितलं की दर महिन्याला दोन-तीन दिवसांचा खंड पडतो, तोही माणूस अगदी प्रामाणिकपणे गोळ्या घेत असताना. म्हणून आम्ही तारीख लिहून देतो ती २५ व्या दिवसाची. दूध आलं नाही की भिंतीवरच्या कॅलेंडरवर जशी खूण करतात तशी रोज गोळी घेतल्यावर खूण करायची. एकूण खुणा ८४ झाल्या पाहिजेत. १ जूनला पहिली गोळी तर २३ ऑगस्टला शेवटची. रात्रीच्या जेवणानंतरची वेळ बहुतेकांना जमते. विसरलं आणि १८ तासांच्या आत आठवलं तर लगेच घ्यायची. त्यापुढे गेलं तर पुढची नेहमीच्या वेळी. एकदम दोन कधीच नाहीत. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर एक पुन्हा घ्यायची, आणि बाटलीत एक कमी झाली हे आम्हाला सांगायचं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुसरी गळती होते. अंगात तरतरी येते, एएलटी नॉर्मल येतं, आणि माणूस म्हणतो, "आता बरं वाटतंय, उरलेल्या गोळ्या भावाला देऊ का?" त्याच घरात दुसरा रिॲक्टिव्ह असेल तर हे फार प्रेमाने घडतं. दोघांचीही औषधं अर्धवट होतात, विषाणू मागे राहतो, आणि पुढच्या वेळी तो आटोक्यात आणायला जास्त औषधं जास्त काळ द्यावी लागतात. भावाला घेऊन या, त्याच्यासाठी वेगळी बाटली आहे.

या तीन महिन्यांत आणि आधीही घरात काय जपायचं? ताई-वहिनींचा प्रश्न जवळजवळ नेहमी ताटाबद्दल असतो: यांचं ताट-वाटी वेगळं ठेवू का? नको. एका ताटात जेवल्याने, एकाच ग्लासने पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने, शिंकेने, डास चावल्याने हा आजार पसरत नाही. ताट वेगळं करून फक्त माणूस वेगळा पडतो. वेगळ्या ठेवायच्या त्या रक्त लागू शकणाऱ्या वस्तू: रेझर, दातांचा ब्रश, नेलकटर, साखर तपासायचं बोटाला टोचणारं पेन. त्या पेनात सुई बदलली तरी टोकाच्या टोपणाला रक्त लागलेलं असतं, म्हणून पेन एका माणसाचं एकच. इन्सुलिनच्या वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या रिकाम्या डब्यात टाकाव्यात, टोपण परत न लावता, आणि डबा भरत आला की रुग्णालयात नेऊन द्यावा. कचऱ्याच्या पिशवीत टाकलेली सुई सफाई कामगाराच्या हातात घुसते.

रक्त सांडलं तर हातमोजे घालून आधी ते जुन्या कापडाने किंवा कागदाने टिपून घ्यायचं. थेट ब्लीच ओतलं तर रक्तातली प्रथिनंच क्लोरीन खाऊन टाकतात आणि खालचा विषाणू राहतो. टिपल्यावर एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण ओतून दहा मिनिटं ठेवायचं, मग पुसायचं. कालचं मिश्रण आज वापरू नये, त्याची ताकद उडालेली असते. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नये. विषारी वायू तयार होतो.

जोडीदाराची एकदा तपासणी करावी. एकमेकांशी एकनिष्ठ असलेल्या नवरा-बायकोत संबंधांतून पसरण्याचा धोका अगदी कमी असतो, शून्य नसतो. पाळीच्या दिवसांत जपावं. आईला असेल तर शंभरातल्या पाच-सहा बाळांना होतो. अंगावर पाजायला हरकत नाही, स्तनाग्राला चिरा पडून रक्त येत असेल तेवढे दिवस थांबावं. बाळाची अँटिबॉडी तपासणी दीड वर्षानंतर. आधी केली तर आईच्याच अँटिबॉडी दिसतात आणि घर विनाकारण हादरतं.

सलूनमध्ये ब्लेड बदलायला लोक आता आठवणीने सांगतात, हे चांगलंच. पण दाढी झाल्यावर फिरवला जाणारा तुरटीचा खडा पाहा. कापलेल्या गालावर ओला करून घासलेला, तसाच वाटीत ठेवलेला, आणि पुढच्याच्या कापलेल्या गालावर पुन्हा तोच. दिवसभरात त्या एका खड्याला किती जणांचं रक्त लागलं असेल! आपला छोटा खडा खिशात घेऊन जावा, किंवा "दादा, तुरटी नको, पाणीच लावा" म्हणावं.

डायलिसिसचं मात्र वेगळंच आहे, आणि तिथे रुग्णाच्या हातात फार थोडं असतं. आठवड्यातून दोन-तीन वेळा रक्त शरीराबाहेर फिरतं आणि एका पाळीत अनेक जण शेजारी शेजारी असतात. लोकांना वाटतं विषाणू मशीनमधून येतो. बहुतेक वेळा तो हातांवरून येतो. एका रुग्णाच्या सुया काढल्या, त्याच हातमोज्यांनी शेजारच्या मशीनचा अलार्म बंद केला. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची एकच बाटली ट्रॉलीवर घेऊन सिस्टर बेडमागून बेड फिरल्या. पाळी बदलताना घाई झाली आणि खुर्चीचा हात, मशीनची बटणं पुसायची राहिली. दाब मोजणाऱ्या नळीवरचं छोटं गोल फिल्टर रक्ताने ओलं झालं आणि बदललं नाही, तर मशीनच्या आतल्या भागाला रक्त लागतं. रक्त गाळणारं नळकांडं, म्हणजे डायलायझर, पुन्हा वापरत असतील तर त्यावरच्या नावाची चिठ्ठी रुग्णाने स्वतः वाचावी, दर वेळी. हातमोजे बेडगणिक बदलणं, हात धुणं, औषध वेगळ्या स्वच्छ जागी भरून एका रुग्णापुरतंच आणणं, एवढं पाळलं तर वेगळ्या मशीनशिवायही संसर्ग थांबतो; न पाळलं तर वेगळी मशीन ठेवूनही थांबत नाही.

डायलिसिसवरच्या प्रत्येकाची सुरुवातीला आणि दर सहा महिन्यांनी तपासणी व्हायला हवी. त्यांची प्रतिकारशक्ती क्षीण असल्याने अँटिबॉडी कधी कधी तयारच होत नाही, म्हणून आरएनए करून घेणं बरं. जुना निगेटिव्ह रुग्ण अचानक पॉझिटिव्ह आला तर त्या युनिटमधल्या सगळ्यांची तपासणी मागायला संकोच करू नये. उपचार याच गोळ्यांनी होतात. किडनी निकामी आहे म्हणून थांबायचं कारण राहिलेलं नाही.

आरोग्य कर्मचाऱ्याला सुई लागली तर साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही. यासाठी एचआयव्हीसारखी प्रतिबंधक गोळी नाही. त्याच वेळी, दोन दिवसांच्या आत, स्वतःची अँटिबॉडी तपासणी. तीन ते सहा आठवड्यांनी आरएनए. चार ते सहा महिन्यांनी पुन्हा अँटिबॉडी. संसर्ग होण्याची शक्यता हजारात दोनच्या आसपास असते, आणि झालाच तर उपचार आहेत.

शेवटची गोळी संपली की पेढे येतात. आम्ही ते आनंदाने घेतो आणि लगेच पुढची तारीख लिहून देतो, कारण तिसरी गळती इथे होते. गोळ्या संपल्याच्या दिवशी रिपोर्ट निगेटिव्ह असतोच. औषध अंगात असतं. औषध थांबल्यावर १२ आठवड्यांनीही आरएनए सापडला नाही तरच विषाणू गेला असं म्हणायचं. २३ ऑगस्टला शेवटची गोळी, तर १५ नोव्हेंबर किंवा त्यानंतर. दिवाळीची गडबड असते, ऊसतोडीला गेलेली माणसं गावात नसतात. म्हणून शेवटच्या बाटलीच्या वेळीच मोबाइल नंबर दोन घ्यायचे, एक त्यांचा आणि एक गावात राहणाऱ्या कुणाचा. साखर कारखान्याच्या भागात मुक्काम असेल तर तिथल्या जवळच्या केंद्रावर तपासणी होईल अशी चिठ्ठी आधीच लिहून द्यायची.

'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे विषाणू सापडला नाही, असा रिपोर्ट आल्यावर तीन गोष्टी नीट समजावतो. अँटिबॉडी आयुष्यभर रिॲक्टिव्हच येणार. पुढच्या ऑपरेशनच्या वेळी कुणी घाबरवलं तर आरएनएचा रिपोर्ट दाखवायचा. रक्तदान मात्र आता करता येणार नाही; अनेक वर्षं नेमाने रक्त दिलेल्या माणसाला हे लागतं, त्याला शिबिराच्या व्यवस्थेत घ्या असं आम्ही आयोजकांना सुचवतो. आणि पुन्हा संसर्ग होऊ शकतो, म्हणून सुई, ब्लेड, तुरटी यांचे नियम तसेच राहतात.

सिरॉसिस झालेल्यांसाठी चौथी गोष्टही आहे. विषाणू गेला तरी यकृतावरचे व्रण राहतात आणि कर्करोगाचा धोकाही राहतो. दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी, कायमची. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी दुर्बिणीची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा. अंगदुखीला मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घ्यायचं नाही. पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमपर्यंत, म्हणजे ५०० च्या चार गोळ्या. शौचाला डांबरासारखी काळी झाली, पोट फुगायला लागलं, किंवा घरच्यांना वाटलं की माणूस असंबद्ध बोलतोय, दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

आरएनएचा तो कागद काही ठिकाणी एटीएमच्या पावतीसारख्या गुळगुळीत कागदावर छापून मिळतो. वर्ष-दीड वर्षात त्याची अक्षरं उडतात. घरी जायच्या आधी समोरच्या दुकानात दोन झेरॉक्स काढायच्या, एक फाइलला लावायची, एक रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायची, आणि मोबाइलमध्ये फोटो काढून मुलीलाही पाठवायचा.